पारखी नजर आणि एक अंथरूण

२००६ साली एका शालेय सामन्यात बोईसरच्या तारापूर विद्या मंदिराच्या एका मुलानं बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्ध ७८ धावा केल्या आणि पाच गडीही बाद केले. मुंबईच्या मैदानांवर अशी कामगिरी दर आठवड्याला कुणी ना कुणी करतं, दुसऱ्या दिवशी छोट्या टायपात तिची नोंद होते आणि महिन्याभरात ती विसरली जाते. ही विसरली गेली नाही, कारण बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्या मुलाच्या वडिलांना गाठलं आणि मुलाला मुंबईत पाठवा म्हणून सांगितलं. वडिलांची अडचण अगदी रास्त होती. पोरगं दहावीच्या उंबरठ्यावर, आणि पालघरहून बोरिवलीला रोज जायचं-यायचं म्हणजे दिवसाचे पाच तास गाडीत. अभ्यास कधी करायचा आणि सराव कधी? लाड सरांनी मग घरी पत्नीला विचारलं, की या मुलाला आपल्याकडे ठेवून घेऊ या का. त्या हो म्हणाल्या. मुलगा लाडांच्या घरी राहायला आला, बोरिवलीच्या शाळेत दाखल झाला, आणि हॅरिस शील्डमध्ये त्यानं एका षटकात सहा षटकार मारले. तो मुलगा म्हणजे पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर.

खेळाडू हेरण्याची कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नजर येते. अमेरिकेत या नजरेचा रीतसर धंदा झाला आहे. तिथं व्यावसायिक बेसबॉल संघ दरवर्षी क्रमाक्रमानं नवे खेळाडू निवडतात. १९६५ पासून चालत आलेल्या या निवडीला ते ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या आधी कितीतरी महिने संघांची माणसं कॉलेजांच्या मैदानांवर वही, स्टॉपवॉच आणि रडार गन घेऊन बसलेली असतात. सीमेजवळ उभा राहणारा आउटफिल्डर पाहायचा असेल तर पाच गोष्टींना २० ते ८० च्या मापात गुण द्यायचे: चेंडू बॅटवर घेण्याची हातोटी, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, झेल आणि क्षेत्ररक्षण, आणि फेकीचा हात. ५० म्हणजे वरच्या पातळीवरचा सरासरी खेळाडू. मुरलेला माणूस सामन्याच्या आधीच येऊन बसतो, कारण सामन्यात त्या पोराकडे लांबची फेक करायची वेळ एकदाही येणार नाही कदाचित, पण सरावात तो उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसकडे चेंडू टाकतो तेव्हा चेंडू शेवटपर्यंत सपाट जातो की मध्येच दम सोडतो, हे दिसतं. आज हा कसा खेळतो, यापेक्षा पाच वर्षांनी कसा खेळेल याचा अंदाज बांधणं हे त्या माणसाचं काम. ही मोठी विद्या आहे, आणि तिचा मान राखूनच म्हणावंसं वाटतं, की मुंबईच्या क्रिकेटनं गेल्या चाळीस वर्षांत जे खेळाडू घडवले त्यांच्यात निर्णायक ठरली ती ही नजर नव्हे. निर्णायक ठरलं मैदानापासून हाकेच्या अंतरावर मिळालेलं एक अंथरूण.

पुरावा कुठं खोल जाऊन शोधायला नको, सगळ्यांना ठाऊक असलेल्या कथाच नीट वाचायला हव्यात. सचिन तेंडुलकर वांद्र्याचा. रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून तो दादरच्या शारदाश्रमात आला, पण खरी सोय झाली ती तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेल्यावर. वांद्रे ते दादर हे अंतर आज कुणी अंतरच मानणार नाही. रोज दोन-तीन सत्रं सराव करणाऱ्या शाळकरी मुलाला मात्र तेवढंही झेपत नव्हतं. रोहित शर्माचे आई-वडील डोंबिवलीला, तो बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे. १९९९ मध्ये लाड सरांनीच त्याला हेरलं आणि शाळेत त्याची फी माफ करून घेतली. पृथ्वी शॉला त्याचे वडील विरारहून वांद्र्याच्या शाळेत आणायचे, पुढं एका लोकप्रतिनिधीनं सांताक्रूझला राहायला जागा दिली. यशस्वी जयस्वाल भदोहीहून आला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला, आणि २०१३ च्या अखेरीस प्रशिक्षक ज्वाला सिंग यांनी त्याला घरी नेलं. या कथा आपण गरिबीच्या, जिद्दीच्या किंवा गुरुभक्तीच्या म्हणून वाचतो. एकापुढे एक ठेवल्या की त्यांतला समान धागा दिसतो. प्रत्येक वेळी कुणीतरी पोराला मैदानाजवळ झोपायची जागा दिली, आणि त्यानंतरच त्याचा खेळ लोकांना दिसला.

पालघरच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच खरा आहे, कारण इथलं अंतर वांद्रे-दादरसारखं नाही. चर्चगेटहून विरार साठ किलोमीटर. तिथून पुढं वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड. पालघर नव्वद किलोमीटरच्या आसपास, बोईसर शंभराच्या पुढं. शार्दूल शाळेत होता तेव्हा विरारच्या पुढं लोकल जातच नव्हती. ती डहाणूपर्यंत पोहोचली २०१३ मध्ये. तोवर शटल, पॅसेंजर आणि थांबा असलेल्या मोजक्या लांब पल्ल्याच्या गाड्या यांवर सगळा कारभार. एक गाडी चुकली की पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. माहीमहून पहाटेची एसटी धरून पालघर स्टेशन, मग गर्दीत उभं राहून, पायाशी किटबॅग सांभाळत मुंबई, आणि संध्याकाळी तेच उलट्या दिशेनं. कामगार हा प्रवास रोज करतात हे खरं. पण कामगाराला उतरल्यावर वीस षटकं टाकायची नसतात. वेगवान गोलंदाजाचं शरीर विश्रांतीत घडतं. पाठीच्या मणक्यांवर आलेला ताण रात्रीच्या झोपेत निवतो. त्या झोपेतले दोन-अडीच तास रोज रेल्वेला द्यायचे म्हणजे तेवढा वेगच देऊन टाकायचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की नजर नसती तर अंथरूण तरी कुणाला द्यायचं? बरोबर आहे. २००३ मध्ये जमशेदपूरला प्रकाश पोद्दार यांनी महेंद्रसिंग धोनीला पाहिलं आणि क्रिकेट मंडळाच्या प्रतिभाशोध विभागाला कळवलं. दिलीप वेंगसरकर त्या विभागाचे प्रमुख होते. वयोमर्यादा एकोणीस आणि धोनी त्याच्या पुढं गेलेला, तरी त्याच्यासाठी नियम बाजूला ठेवला गेला. जॉन राइट यांनी देशांतर्गत टी-२० स्पर्धेत जसप्रीत बुमराला पाहिलं आणि २०१३ मध्ये तो मुंबई इंडियन्सकडून खेळला. या माणसांची नजर वादातीत आहे. पण दोघांनीही पाहिले ते आधीच राज्याच्या संघापर्यंत पोहोचलेले तरुण. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा अंदाज बांधणं याहून फार अवघड, आणि शार्दूलचंच उदाहरण घ्या. २०१२ मध्ये मुंबईकडून पदार्पण झालं तेव्हा पहिल्या चार रणजी सामन्यांत मिळून चार बळी, सरासरी ८२. अंगानं जड, वजन कमी कर, असं खुद्द तेंडुलकरनं त्याला सांगितलं होतं. त्या दिवशी कुणी २० ते ८० च्या मापात गुण दिले असते तर फार बरे दिले नसते. दोन हंगामांनंतर, २०१४-१५ मध्ये, त्याच गोलंदाजानं दहा सामन्यांत ४८ बळी घेतले, सरासरी २०.८१. शाळेतल्या त्या सामन्यापासून इथवर आठ वर्षं गेली. हेरणाऱ्याचा अंदाज खरा ठरायला जर आठ वर्षं लागत असतील, तर हेरण्याइतकंच महत्त्व त्या आठ वर्षांत पोराला खेळात टिकवून धरण्याला आहे. आयपीएलचा लिलाव हे काम करत नाही, करूही शकत नाही. तो गेल्या मोसमाची किंमत लावतो. २०२२ मध्ये शार्दूलला १०.७५ कोटी मिळाले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात कुणी बोलीच लावली नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तमिळनाडूविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात त्यानं शतक ठोकलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे आणि पालघरमध्ये तो अभिमानानं मांडला जातो: हालअपेष्टांनीच माणूस घडतो, पहाटेच्या गाडीनंच त्याला खडूस बनवलं. ब्रिस्बेनला २०२१ च्या जानेवारीत ६ बाद १८६ अशा अवस्थेत वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी, पहिल्या डावात ६७ धावा आणि सामन्यात सात बळी. किंवा पुढच्या वर्षी जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी. हे पाहिलं की त्या चिवटपणाचं मूळ गाडीच्या दारात शोधावंसं वाटणारच. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्यानं अंधेरीहून पालघरची लोकल धरली आणि डब्यातली पोरं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून खात्री करत राहिली, ही गोष्ट इथं घराघरात सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. तरीही युक्तिवाद म्हणून ती टिकत नाही. ज्यानं प्रवास सोसला आणि जो पोहोचला, तोच आपल्याला माहीत आहे. ज्यांनी तोच प्रवास सहा महिने केला, नववीत नापास झाले आणि किटबॅग माळ्यावर टाकली, त्यांची नावं कुठल्याच धावफलकावर नाहीत. आणि ज्याचं उदाहरण दिलं जातं, त्याचंही शाळेतलं ते निर्णायक वर्ष गाडीत गेलं नाही, बोरिवलीतल्या एका घरात गेलं.

तिसरा आक्षेप काळ बदलल्याचा. लोकल आली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, गावोगावी नेट लागले, मोबाइलवर सामने दिसतात; आता हेरायला कुणी कुठं जायची गरज काय? गरज आहे, आणि ती वाढली आहे. आकडे आणि चित्रफिती फक्त झालेल्या सामन्यांच्या असतात. हॅरिस आणि गाइल्स शील्ड गाजवणाऱ्या शाळा, मोठी मैदानं, पावसाळ्यात रंगणारी कांगा लीग, हे सगळं मुंबईतच आहे. केळवे, सातपाटी, चिंचणीच्या पट्ट्यात शनिवार-रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. तिथं ज्या पोराचा हात लांबून सरळ यष्ट्यांवर चेंडू टाकतो, त्या हाताची नोंद कुणाच्या वहीत? अमेरिकन संघाचा माणूस आउटफिल्डरच्या पाच गुणांपैकी एक म्हणून जो हात मोजतो, तो इथं मिरवणुकीपुरता कामी येतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना बेसबॉल माहीत नसतानाही २००८ मध्ये एका फेकीच्या स्पर्धेतून निवडलं गेलं आणि पुढं पिट्सबर्गच्या संघानं करारबद्ध केलं. त्याआधी त्यांना कॅलिफोर्नियात नेऊन, तिथं ठेवून शिकवावं लागलं. नुसत्या फेकीवर कुणी करार केला नसता.

इथवर मान्य केलं तरी खरी अडचण पुढंच आहे. लाड सरांच्या घरी जे घडलं ते त्या कुटुंबाचं मोठेपण. २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार देऊन सरकारनं त्याची दखलही घेतली. पण एखाद्या गृहिणीच्या होकारावर जिल्ह्याचं क्रिकेट उभं राहू शकत नाही. शिक्षकाचं घर दोन-तीन खोल्यांचं, तिथं एक पोरगं मावतं, फार तर दोन. शिवाय परक्या घरात अल्पवयीन मुलाला ठेवणं ही विश्वासाची बाब आहे, आणि विश्वास ठेवायला योग्य माणूस कोण हे खेड्यातल्या बापानं कसं ओळखायचं? क्रिकेटच्या नावाखाली पैसे उकळणारे, वयाचे दाखले बदलायला लावणारे लोक याच बाजारात फिरतात. दहावी बुडाली तर जबाबदार कोण, मूल आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेईल, वर्षभरानंतर मूल मागं पडलं तर परत पाठवताना त्याला काय सांगायचं, याची उत्तरं आज ज्याच्या-त्याच्या भलेपणावर सोडलेली आहेत. कुस्तीला, अॅथलेटिक्सला राज्याच्या निवासी प्रबोधिन्या आहेत. क्रिकेटमध्ये पैसा सगळ्यात जास्त, म्हणून ते आपलं आपण पाहून घेईल असं धरलं गेलं. ते पाहतं ते लिलावाच्या टेबलापाशी पोहोचलेल्यांना. अमेरिकेलाही हे उशिराच कळलं. निवडून घेतलेले तरुण खालच्या दर्जाच्या लीगमध्ये एका खोलीत पाच-सहा जण जमिनीवर गाद्या टाकून झोपत, आणि खेळाडूंनी आवाज उठवल्यावर २०२२ पासून राहण्याची सोय करणं संघांवर बंधनकारक झालं. वहीत गुण लिहिणारी माणसं तिथं पन्नास-साठ वर्षं होती; गाद्यांचा हिशेब मात्र कुणी मांडला नव्हता.

बोरिवली किंवा विरारला शाळेला लागून वीस मुलांचं वसतिगृह, एक जबाबदार गृहपाल, संध्याकाळी दोन तास अभ्यास: मुलांपुरतं हे उभं करणं अशक्य नाही. मुलींचं काय, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. वर सांगितलेल्या साऱ्या कथा मुलग्यांच्या आहेत, आणि कुणाच्या तरी घरी राहायला पाठवणं हा मार्ग बहुतेक आई-वडील मुलीसाठी स्वीकारणारच नाहीत, त्यात त्यांची चूकही नाही. जेमिमा रॉड्रिग्जच्या कुटुंबानं तिच्या खेळाच्या सोयीसाठी भांडुपहून वांद्र्याला बिऱ्हाडच हलवलं. २०२५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणाऱ्या मुलीमागं ते घर बदलणं आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराला घर हलवता येत नाही, कारण त्याची नोकरी बोईसरला आहे. त्याच्या मुलीला आझाद मैदानावर सकाळी नऊच्या सामन्याला पोहोचायचं तर अंधारात स्टेशन गाठावं लागतं, सोबत घरातलं मोठं माणूस लागतं, आणि त्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. जून ते सप्टेंबर वैतरणेच्या पलीकडे गाड्या रखडल्या तर तोही दिवस फुकट, आणि पुढच्या सामन्यासाठी पुन्हा रजा.