विटांच्या खांबाला जाळीचा अंगरखा



उसाची मोळी सैल बांधली तर उचलताना फिसकटते. वाढ्याने करकचून आवळली की एकजीव होते. विटांच्या खांबाचेही गणित असेच आहे.

छपराचे वजन आले की खांब उभा दबतो आणि आडवा फुगू पाहतो. सांध्यातला चुन्याचा किंवा मातीचा माल विटेपेक्षा नरम. तो बाहेर सरकतो, विटेलाही बाहेर ओढतो आणि तिला उभी चीर जाते. अशी चीर नुसता गिलावा थापून झाकू नये. चीर दिसेनाशी होते, पण खांब कच्चा तो कच्चाच!

कच्च्या बांधकामाचा धोका ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला आपण पाहिला. बांधकामावर तारेची जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करण्याची रीत आपल्याकडे माहितीची आहे. घाटावर कोरड्या जागी ती चालते. पण आपले कुणी सोयरे कोकणात नागोठण्याच्या बाजूला असतील, तर त्यांची अडचण निराळी. तिथे अंबेचा काठ, धो धो पाऊस, खाडीची खारी हवा. लोखंड गंजते, फुगते आणि गिलावाच उडवते. तिथे काचतंतूंची जाळी बरी. मात्र ती सिमेंटचा क्षार सोसणारीच हवी; साधी काच सिमेंटमध्ये खाल्ली जाते. डासांची जाळी तर मुळीच वापरू नये.

काम असे करावे. आधी छपराला टेकू द्यावेत. जुना गिलावा काढून सांधे खरवडावेत, मालाने भरावेत. खांबाचे कोपरे घासून गोल करावेत, कारण धारदार कोपऱ्यावर जाळी तुटते. विटा भिजवून मालाचा पातळ थर द्यावा, त्यात जाळी ताणून दाबावी, टोक एक पूर्ण बाजूभर दुसऱ्यावर चढवावे आणि वरून पुन्हा थर द्यावा. जाडी सारी मिळून एक-दीड सेंटिमीटर. मग निदान आठ दिवस पाणी मारावे.

एक मात्र ध्यानात ठेवा. खांब ओळंब्यातून गेला असेल किंवा पायाच खचला असेल, तर अंगरखा उपयोगी पडणार नाही. अशा छपराखाली माणूस किंवा जनावर ठेवू नये आणि जाणत्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कामाला हात घालू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.