मऊ गादीचा चकवा

२२ सप्टेंबर २०२५ला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि दसरा-दिवाळीला घरोघरी नव्या स्कूटरला हार पडले. किती हजार वाचले याचा हिशेब एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. पेढे संपले, पहिली सर्व्हिसिंग झाली आणि आता गाडी घेणाऱ्याच्या लक्षात येऊ लागलं आहे, की कात्रज ते हिंजवडी या प्रवासात मायलेज, डिजिटल मीटर आणि मोबाइल चार्जिंगपेक्षा आपला जास्त संबंध येतो तो सीटशी. माहितीपत्रकात सीटचा सहसा एकच आकडा असतो, जमिनीपासूनच्या उंचीचा. अ‍ॅक्टिव्हाची सुमारे ७६५ मिलिमीटर, अ‍ॅक्सेसची ७७३, एथरची ७८०. आत फोम कसला आहे, कुठे किती जाड आहे, उतार कुणीकडे आहे, यावर अवाक्षर नाही.

मग पुण्यातली मंडळी नाना पेठ गाठतात, मुंबईतली कुर्ल्याचा सीएसटी रोड. गावोगावी बसस्टँडमागे सीटवाल्याचं दुकान असतंच. तिथे बहुतेकांची मागणी एकच: अजून एक थर टाका, जरा मऊ करा. सीटवालाही सहसा हुज्जत घालत नाही. थर पडतो, वर चकचकीत रेग्झिन चढतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. महिन्याभरात कंबर पुन्हा बोलू लागते.

याची थोडी जबाबदारी कोरादिनो दास्कानिओ या इटालियन अभियंत्यावर टाकायला हरकत नाही. हा मूळचा हेलिकॉप्टरवाला. मोटारसायकली त्याला मनापासून नावडत्या. त्यामुळे १९४६ साली पियाज्जोसाठी व्हेस्पा आखताना त्याने स्वाराला घोड्यावरून उतरवून खुर्चीत बसवलं. पाठ सरळ, गुडघे काटकोनात, पावलं समोरच्या फळीवर. साडी, धोतर, ऑफिसची बॅग, गॅसचं सिलिंडर या सगळ्याची सोय झाली. किंमत मणक्याने मोजली. मोटारसायकलवाला खड्डा दिसताच पावलांवर भार देऊन बूड किंचित उचलतो. स्कूटरवर पावलं शरीराच्या पुढे असतात, त्यामुळे ते जमत नाही. खुब्याच्या तळाशी बैठकीची दोन हाडं असतात. बहुतेक भार त्यांच्यावर येतो आणि प्रत्येक धक्का तिथून थेट वर चढतो. पोक काढून बसलात तर माकडहाडही हजेरी लावतं.

त्यात चाकं लहान. अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक २०२०मध्ये १२ इंची झालं, मागचं मात्र १०वरच राहिलं. चाक जितकं लहान, तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं. शिवाय पेट्रोल स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबरच वरखाली होतं. एवढं वजन चाकाला बांधलेलं असताना एकट्या शॉकअबने सावरायचं तरी किती? चाकातच मोटर बसवलेल्या आयक्यूबसारख्या विजेवरच्या गाड्यांनाही यातून सुटका नाही.

जुन्या व्हेस्पा-लॅम्ब्रेटांवर स्वाराची बैठक सुटी असायची आणि तिच्या पोटात खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा असायच्या. कुरकुरायच्या, गंजायच्या, पण स्वतःचं काम करायच्या. पुढे लांब एकसंध सीट आली आणि सीटखाली डिकी. आता ज्युपिटर १२५ची डिकी ३३ लिटरची आहे. हेल्मेट मावतं, भाजी मावते. गणित साधं आहे: डिकीला खोली हवी आणि सीटची उंची वाढवायची नाही. मधल्या मध्ये चेपला जातो तो फोम.

म्हणजे फोम वाढवला की झालं? इथेच चकवा आहे. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हेलकाव्यांना सर्वाधिक साथ देतं. त्या लयीत पाठीचा कणा सर्वांत जास्त हलतो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात मायकल ग्रिफिन यांनी या विषयावर हयात घालवली आणि १९९०मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांच्या आणि इतरांच्या मोजण्यांतून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. इंजिनची बारीक, जलद थरथर फोमची सीट छान गिळते, पण सेकंदाला चारच्या आसपासचे हेलकावे ती कमी तर करत नाहीच, उलट वाढवून देते. तळाच्या धक्क्यापेक्षा वरच्या माणसाला बसलेला धक्का मोठा. ओबडधोबड रस्त्यावर, ओळीने आलेल्या गतिरोधकांवर आपल्या वाट्याला येतात ते नेमके हेच संथ हेलकावे. फोम जाड आणि लुसलुशीत असेल तर स्वार त्यावर झुलत राहतो, आणि मोठा खड्डा आला की फोम पूर्ण दबून हाडं खालच्या प्लास्टिकच्या तळावर आदळतात. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून जी सीट मऊ लागते, ती पाऊण तासाने दगा देते यात नवल नाही.

हे सगळ्यांत ठासून सांगणारा माणूस कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात सापडतो. माइक कॉर्बिन. मोटारसायकलच्या सीटचा धंदा करून जगभर नाव कमावलेला हा गृहस्थ तसा वल्लीच. १९७४ साली, विजेवरच्या दुचाकीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं तेव्हा, त्याने बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर स्वतःची विजेवरची मोटारसायकल ताशी सुमारे २६५ किलोमीटरने पळवून विक्रम केला. पुढे एका माणसापुरती, तीन चाकांची विजेवरची मोटारही काढली. धंदा मात्र सीटचाच, आणि सीट कशी? घट्ट. नवी कॉर्बिन सीट पहिल्यांदा बसणाऱ्याला चक्क पाटासारखी लागते. हजार-दोन हजार मैल चालवल्याशिवाय ती अंगाला बसत नाही, असं कंपनी स्वतःच बजावते. ग्राहकाला गाडीसकट कारखान्यात बोलावण्याचीही तिथे सोय आहे. तो बसून दाखवतो, सीट त्याच्या बेताने घडवली जाते आणि ती लावूनच तो परततो.

कॉर्बिनचं म्हणणं मान्य करायला आपलं मन तयार होत नाही, कारण गादी म्हटलं की आपल्याला मऊपणाच आठवतो. पण त्यामागचं कारण पक्कं आहे. घट्ट फोम कमी दबतो आणि आकार टिकवतो. आकार टिकला की भार दोन हाडांच्या टोकांवर न साचता मांड्यांपर्यंत पसरतो. हे साधायला सीट रुंद हवी, मधोमध किंचित खोलगट हवी आणि कडा टोचणाऱ्या नकोत. घट्ट फोमवर चुकीचा आकार कोरला तर मात्र तो छळ कित्येक वर्षं टिकतो, हेही खरं. कॉर्बिनची सीट विकत घेऊन शिव्या घालणारे काही कमी नाहीत.

कंबरदुखीचा विषय निघाला की स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांचा हवाला हमखास येतो. १९६०च्या दशकात त्यांनी स्वयंसेवकांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना १०० धरला, तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४० भरला. हा आकडा आजही खुर्च्या विकायला वापरतात. १९९९मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के यांच्या चमूने चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजलं, तेव्हा सैल बसलेल्या माणसाचा दाब उभ्यापेक्षा थोडा कमीच निघाला. तेव्हा निव्वळ बसण्याला खलनायक ठरवायची घाई नको. अडचण आहे ती हादरत, एकाच स्थितीत, तासन्तास बसण्याची. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. दिवसभर पार्सल पोचवणाऱ्या पोरांच्या स्कूटरवर हादरे मोजणारं यंत्र लावून बघायला हवं.

फोमला कात्री लावण्याआधी दोन फुकट उपाय आहेत आणि ते कुणी करत नाही. पहिला हवेचा. अ‍ॅक्टिव्हाला पुढे २२ पीएसआय हवा लागते. मागे एकट्याला २९, डबलसीटला ३६. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय दोन्हीकडे चाळीसपर्यंत ठोकून देतो, आणि त्या दगडी टायरवर कुठलीही गादी उपयोगाची नाही. दुसरा मागच्या शॉकअबचा. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटरसारख्या गाड्यांत स्प्रिंगचा ताण तीन टप्प्यांत बदलता येतो. पन्नास किलोच्या मुलीची स्कूटर आणि नव्वद किलोच्या काकांची स्कूटर वर्षानुवर्षं एकाच टप्प्यावर धावत असते.

हे करूनही बूड बधिर होत असेल तर सीटवाला. त्याचं काम उभं राहून बघण्यासारखं असतं. बिजागरीचे नट सोडवले की सीट हातात येते. उलटी करून स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन उचकटायची, रेग्झिन सोलायचं. आतला फोम साच्यात ओतून बनवलेला असतो, त्यामुळे त्याला बारीक पापुद्रा असतो. ब्लेड चाललं की तो जातो आणि खालची जाळी उघडी पडते. खडूने खूण करायची, हॅक्सॉच्या पात्याने नको तो भाग काढायचा, ग्राइंडरला खडबडीत कागद लावून उतार घासायचा. भर घालायची ती फोमच्या तुकड्यांना दाबून बनवलेल्या रंगीबेरंगी रिबाँडेड फोमची. सोफ्याचा पांढरा फोम काही महिन्यांत बसतो. चिकटवायला सोल्युशन. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं. घाईत थापलं तर सुकल्यावर सांध्यावर कडक पापडी धरते आणि नेमकी हाडाखाली टोचते. इथे गिऱ्हाइकाने एक प्रश्न विचारावा: पिना किती लांबीच्या? लांब पिन तळ फोडून डिकीत डोकावते आणि एक दिवस हेल्मेटचं अस्तर फाडते.

पावसाळ्यासाठी फोम आणि रेग्झिनच्या मध्ये प्लास्टिकचा एक सलग कागद हवाच. मूळ कव्हरला शिवणी मोजक्या असतात. दोन रंगांच्या, पाइपिंग लावलेल्या फॅशनेबल कव्हरची प्रत्येक शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग. जुलैत वरून पुसलेली कोरडी सीट बसल्या बसल्या पँट भिजवते, ती याच वाटेने.

आकाराचं म्हणाल तर बहुतेकांची खरी तक्रार उताराची असते. सीट पुढे उतरती असली की ब्रेकगणिक स्वार घसरत सीटच्या पुढच्या टोकाला येतो, मागे सरकतो, पुन्हा घसरतो. तिथे थर वाढवण्याऐवजी मागचा उंचवटा थोडा उतरवून बसायची जागा सपाट केली तर निम्मं दुखणं जातं. उंच माणसाला मागे सरकायला जागाही मिळते. पाय टेकत नाहीत अशी अडचण असणाऱ्यांनी पूर्ण सीट खाली घेण्याआधी पुढच्या टोकाची रुंदी कमी करून बघावी. मांड्या फाकाव्या लागल्या नाहीत की तेवढ्याच उंचीवर पाय जमिनीला टेकतात, आणि फोमची जाडी शाबूत राहते.

मागच्याचा विचार कारागीरही विसरतो. आपल्याकडे अजून कितीतरी आई-आज्या एका बाजूला पाय सोडून बसतात. त्यांचा सगळा भार सीटच्या एका काठावर असतो. दिसायला छान म्हणून तो काठ गोलाकार घासला, वर गुळगुळीत रेग्झिन ताणलं, की वळणावर आजी घसरलीच. मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निदान अर्ध्यापर्यंत आडोसा या गोष्टी मोटार वाहन नियमावलीतल्या १२३व्या नियमानेच बंधनकारक आहेत, त्यामुळे मूठ आड येते म्हणून काढून ठेवणाऱ्या कारागिराला थांबवावं. चासीला वेल्डिंग करून सीट खाली घेण्याच्या भानगडीत तर पडूच नये. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. विजेवरच्या गाडीत सीटखालच्या वायरी आणि कुलपाची यंत्रणा सांभाळणं ओघानेच आलं.

राहिला ऑनलाइन बाजार. जेलच्या उश्या भार पसरवतात खऱ्या, पण अकोल्याच्या मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या गाडीवरची जेल संध्याकाळपर्यंत तापलेली राहते. मेमरी फोमची जाहिरात नासाच्या नावाने होते, आणि तो खरंच १९६६मध्ये नासासाठीच्या कामातून निघाला. मात्र तो उष्णतेने मऊ होतो आणि दबल्यावर सावकाश वर येतो. एका खड्ड्यातून सावरेपर्यंत पुढचा आलेला असतो. एकमेकांना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची एअरहॉक नावाची अमेरिकी उशी मात्र दखल घेण्यासारखी आहे. व्हीलचेअरवरच्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून रोहो कंपनीने बनवलेल्या गाद्यांची ती बहीण. हवा कमी भरली तरच ती नीट काम करते. टम्म फुगवली तर स्वार चेंडूवर बसल्यासारखा डुलतो. जाळीदार कव्हर स्वस्त, घाम आणि चटका दोन्हींवर गुणकारी, पण खालून पट्टा घट्ट हवा. चोवीस तासांत हजार मैल मोटारसायकल चालवणाऱ्यांची अमेरिकेत 'आयर्न बट असोसिएशन' नावाची संघटना आहे. तिथले पट्टीचे स्वार मेंढीचं केसाळ कातडं आणि लाकडी मण्यांची आसनं वापरतात. तशीच मण्यांची आसनं आपल्या जुन्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरली आहेत.

सीटवाल्याकडे जाताना शेवटची पिन ठोकण्याआधी एक अट घालावी. कोरलेल्या फोमवर जुनं रेग्झिन नुसतं चार पिनांवर अडकवून द्यायला सांगायचं आणि रोजच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी फिरवून यायचं. कुठे टोचतं, कुठे घसरतं ते तेवढ्यात कळतं आणि घासायला फोम अजून उघडा असतो. कारागीर कुरकुर करेल, वेळ नाही म्हणेल. नाना पेठेत त्याच्या शेजारी दुसरा असतो.