सोळाचा डबा आणि आठची पट्टी

सकाळी ९

शटर वर गेलं की झाडू हातात घेण्याआधी मोबाइल बघतो. नगरच्या डिस्ट्रिब्युटरचा आजचा भाव आलेला असतो. शेवगावातल्या आमच्या दुकानात माल नगरहून येतो, कधी संभाजीनगरहून. लॅपटॉपच्या भावाला पूर्वी महिनाभर धक्का लागत नसे. आता रॅमचा भाव त्या दिवसापुरता धरतात.

हे सुरू झालं २०२५च्या शेवटच्या महिन्यांत. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांनी कारखान्यांची ताकद एआयच्या सर्व्हरला लागणाऱ्या मेमरीकडे वळवली, आणि तुमच्या-आमच्या लॅपटॉपात बसणारी रॅमची पट्टी महागत गेली. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या कपाटात सगळ्यात जास्त खपायची ती हीच पट्टी.

त्यामुळे जुना हिशेब मोडला. एकाच मॉडेलमध्ये आठ जीबी आणि सोळा जीबी यांच्यात कंपनी पाच-सहा हजारांचा फरक लावायची. बाहेर आठची पट्टी दोन हजारांच्या आसपास मिळायची. म्हणून मी गिऱ्हाइकाला आठचाच डबा द्यायचो, पट्टी इथेच टाकायचो आणि वाचलेल्या पैशांत बॅग-माउस बसवायचो. आता जुन्या भावात आलेला सोळाचा डबा कुणाच्या गोदामात सापडला, तर तोच स्वस्त पडतो. सकाळचा पहिला फोन त्यासाठीच.

१०.३०

बोधेगावकडचे एक शेतकरी आले, सोबत मुलगी. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

"शेठ, आय-फाइव्हच दाखवा. दुसरं काही नको."

"मामा, आय-फाइव्ह तीन दाखवतो. तिन्हींत फरक आहे, तो आधी बघा."

इथे मी वेळ देतो, कारण फसगत इथेच होते. आय-३, आय-५, आय-७ ही नुसती पायरी झाली. खरी गोष्ट पुढच्या आकड्यात आणि शेवटच्या अक्षरात असते. आय-५ १३३४यू मध्ये दहा कोअर, पण त्यातले जोरदार दोनच. १३४२०एच मध्ये कोअर आठ, पण जोरदार चार. पहिला १५ वॉटचा, बॅटरी पुरवणारा. दुसरा ४५ वॉटचा, जड कामाला दमदार. डब्यावर दोन्हीकडे मोठ्या अक्षरात आय-५. नुसते कोअर मोजले तर हलका प्रोसेसर भारी वाटतो.

मुलीला मी विचारलं, "ताई, कॉलेजात लाइट असते ना? प्लग जवळ असतो?" हॉस्टेलवर राहते म्हणाली, बहुतेक काम टेबलावरच. मग एच बरा.

मामांचा प्रश्न रास्त होता: कमी पैशांत घेऊन पुढे वाढवता येणार नाही का? त्यांना म्हटलं, ट्रॅक्टर घेताना नांगर, रोटाव्हेटर मागाहून घेता येतो, इंजिन नाही. लॅपटॉपचं इंजिन म्हणजे प्रोसेसर आणि पडदा. एसएसडी मागाहून बदलता येते. रॅमचं मात्र मॉडेल बघून ठरतं. कुठे स्लॉट असतो, कुठे ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि मग जन्मभर तेवढीच.

पडदाही शेजारी ठेवून दाखवला. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेला फिका, दुसरा पूर्ण एसआरजीबीचा. मुलगी लगेच दुसऱ्याकडे सरकली. किमतीच्या यादीत पडद्याची ओळ सगळ्यात खाली असते, आणि चार वर्षं डोळे त्याच्यावरच राहणार असतात. घरी बोलून सांगतो म्हणून दोघं गेले.

दुपारी १

बेंचवर एक जुना लॅपटॉप, तक्रार मंद असल्याची. एकच आठची पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा. इंटेलच्या या चिपमध्ये आयरिस एक्सई ग्राफिक्स आहे, पण पट्ट्या दोन असतील तरच. एकावर ते साधं यूएचडी म्हणूनच चालतं. दुसरी पट्टी टाकली. मग जेवणाचा डबा उघडला.

३ वाजता

एका कर सल्लागाराच्या ऑफिसातून दोघं. काम टॅली, एक्सेल आणि रिटर्न भरणं. त्यांनी सतरा गोष्टींची यादी आणली होती, त्यात ग्राफिक्स कार्डही. ते मी काढून टाकलं. त्यांना हवी एसएसडी, आकड्यांची वेगळी पट्टी असलेला कीबोर्ड आणि १५.६ इंची पडदा. आय-३ पुरे. शिवाय ते जीएसटीत नोंदलेले. ४७,२०० रुपयांच्या बिलात ७,२०० रुपये १८ टक्क्यांचा कर असतो. त्याचं क्रेडिट त्यांना मिळतं, मामांना मिळत नाही. एकाच डब्याच्या या दोन किमती, आणि कोटेशन देताना समोर कोण आहे ते बघून बोलावं लागतं.

५ वाजता

लग्नाचे व्हिडिओ करणारा एक पोरगा आरटीएक्स ४०६० चे दोन लॅपटॉप मोबाइलवर घेऊन आला. नाव एकच, किमतीत मोठी तफावत. कारण त्या चिपला किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, ३५ वॉटपासून ११५ पर्यंत. स्वस्तातला कुठला असणार हे उघड आहे, पण तो आकडा शोधायला पानाच्या तळापर्यंत जावं लागतं. मी त्याला असेंबल्ड डेस्कटॉपचं कोटेशन करून दिलं. बोर्ड, प्रोसेसर, कार्ड, एकेक ओळ वेगळी, आणि शेवटी यूपीएस. आपल्याकडच्या लाइटीत यूपीएसशिवाय एडिटिंगचं मशीन द्यायला मन होत नाही.

त्याच्या मित्राला मॅकबुक हवा होता. मार्च २०२५मध्ये एम-फोरचा एअर आला तेव्हा २५६ जीबीचा ९९,९०० ला होता, ५१२ चा १,१९,९०० ला. एका पायरीला वीस हजार. तिथे नंतर स्टोरेज किंवा रॅम वाढवायची सोय नाही. जे ठरवायचं ते घेतानाच. ही किंमत पटली नाही तर तो रस्ता धरू नये, एवढं स्पष्ट सांगितलं.

८ वाजता

मामांचा फोन. "शेठ, उसाचं बिल खात्यावर आलंय. सोळाचाच सांगा, तो चांगल्या पडद्याचा."

नगरला फोन लावला. जुन्या भावातला एक डबा शिल्लक होता, तो आमच्या नावावर धरायला लावला. उद्या सकाळच्या गाडीने येईल. मामांना सांगितलं, ताईला सोबत आणा. सील तिच्यासमोरच फोडू, रॅम आणि पडदा तिने स्वतः तपासावा, मग बिल करू.