कामला, कावीळ की यकृत्शोथ? : आंतरराष्ट्रीय व्याधिवर्गीकरण आणि आपली नोंदवही

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या गावातील एका वस्तीत कावीळ पसरल्याची चर्चा सुरू झाली. पिण्याच्या पाण्याची वाहिनी गटाराजवळ फुटली असावी असा संशय होता. आरोग्य केंद्राचे कर्मचारी चौकशीसाठी आमच्या चिकित्सालयात आले व त्यांनी सरळ प्रश्न केला, ‘गेल्या चार आठवड्यांत तुमच्याकडे काविळीचे किती रुग्ण आले?’ आम्ही नोंदवही उघडली आणि निरुत्तर झालो. रुग्ण आले होते, औषधे दिली गेली होती, बहुतेकांना उपशयही मिळाला होता. परंतु आमच्या हस्ताक्षरात कोठे ‘कामला’ होते, सहायक वैद्यांनी ‘कावीळ’ लिहिले होते, काही ठिकाणी ‘यकृद्विकार’ तर काही ठिकाणी नुसतेच ‘अग्निमांद्य, छर्दि’. कोणता रुग्ण मोजावा आणि कोणता सोडावा हे ठरविण्यात ती दुपार गेली. अखेरीस जो आकडा आम्ही दिला त्यावर आमचाच विश्वास नव्हता.

ग्रामीण महाराष्ट्रात काविळीचा रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येतो, हे आपण सर्व जाणतो. त्याची नोंद मोजण्याजोगी नसेल तर साथ उशिरा लक्षात येते आणि फुटलेली वाहिनी तितके दिवस तशीच राहते. म्हणून व्याधींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा विषय दिल्ली किंवा जिनिव्हापुरता मर्यादित नसून आपल्या टेबलावरील केसपेपराचाही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो त्याच दृष्टीने मांडीत आहोत.

नावे एकसारखी करण्याचा प्रयत्न

ही अडचण केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्ममृत्यूंची नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्या कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांना हाच अनुभव आला. एका व्याधीला तीन-चार नावे आणि एकाच नावाखाली अनेक व्याधी, अशी तेथील वैद्यकाची स्थिती होती. भौतिक शास्त्रांत वजनमापांचे जे महत्त्व, तेच आपल्या क्षेत्रात व्याधिनामांचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी मृत्युकारणांची यादी तयार करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर सोपविले. दोघांच्या याद्या वेगवेगळ्या तत्त्वांवर उभ्या राहिल्या. वर्गीकरणात खरा वाद नावांचा नसून आधारतत्त्वाचा असतो, हे तेव्हाच दिसून आले.

पुढे १८९३ मध्ये शिकागो येथे फ्रान्सचे जाक बर्तियाँ यांनी सादर केलेली यादी अनेक देशांनी स्वीकारली. ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिस येथे २६ देशांच्या प्रतिनिधींनी १७९ गटांची यादी मान्य केली व ती ठराविक काळाने सुधारण्याची प्रथा पडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. तोपर्यंत केवळ मृत्यूची कारणे मोजली जात असत. सहाव्या आवृत्तीपासून जिवंत रुग्णांच्या व्याधीही त्यात समाविष्ट झाल्या. आपल्या नोंदवहीचा या वर्गीकरणाशी संबंध येतो तो येथून.

आपल्या ग्रंथांतील वर्गीकरण

वर्गीकरण ही परकी कल्पना आहे असा समज कोणी करून घेऊ नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टोदरीय अध्यायात व्याधींची संख्येनुसार गणना आहे. महारोगाध्यायात वाताचे ८०, पित्ताचे ४० व कफाचे २० नानात्मज विकार सांगितले आहेत. विमानस्थानातील रोगानीक अध्यायाचा विचार तर विशेष मननीय आहे. प्रभावाने पाहिले तर व्याधी साध्य व असाध्य, बलाने मृदू व दारुण, अधिष्ठानाने शारीर व मानस, निमित्ताने निज व आगंतू. व्याधी तेच, परंतु भेदाचा आधार बदलला की गणना बदलते, आणि यात विरोध नाही, असे आचार्य स्पष्ट करतात.

त्रिशोथीय अध्यायात त्यांनी आणखी एक दिलासा दिला आहे. प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. दोषाची प्रकृती, अधिष्ठान व हेतुविशेष जाणून चिकित्सा करावी. हे वचन आपण सर्वांनी पाठ केले आहे. परंतु त्याचा आधार घेऊन नोंदवहीतील शिथिलतेचे समर्थन करता येणार नाही. चिकित्सेसाठी नाव गौण असेल. गणनेसाठी ते गौण नाही.

अकरावी आवृत्ती आणि आपला विभाग

दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मान्यता दिली व १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. या आवृत्तीत प्रथमच पारंपरिक वैद्यकासाठी स्वतंत्र, म्हणजे सव्विसावे, पूरक प्रकरण आले. त्याचा पहिला विभाग प्राचीन चीनमध्ये उगम पावलेल्या आणि आज चीन, जपान, कोरिया आदी देशांत प्रचलित असलेल्या वैद्यकाचा आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा दुसरा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रकाशित झाला आणि २०२५ च्या प्रकाशनात मूळ वर्गीकरणाचा भाग बनला. त्याची पूर्वतयारी देशात आधीपासून होती. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर २०१७ पासून व्याधिनामांचे राष्ट्रीय संकेतांक उपलब्ध आहेत.

संकेतांकाची रचना समजून घेतली तर त्याची भीती वाटत नाही. मूळ संकेतांक चार चिन्हांचा असतो. दुसऱ्या स्थानी नेहमी रोमन अक्षर व तिसऱ्या स्थानी नेहमी अंक येतो. ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे शून्य व एक यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून वगळली आहेत. पहिले चिन्ह प्रकरण दर्शविते. पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणातील संकेतांक ‘एस’ या अक्षराने सुरू होतात. शेवटी ‘झेड’ आले तर भेद निश्चित केलेला नाही, असा अर्थ होतो. ज्याच्या नोंदवहीत ‘झेड’च फार, त्याने आपले निदान अपुरे राहते की लेखन, हे तपासावे.

देशादेशांतील स्वीकार

एखादी आवृत्ती मान्य झाली म्हणजे सर्व देश एकाच दिवशी ती वापरू लागतात असे नाही. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. दहावी आवृत्ती मृत्युकारणांसाठी तेथे १९९९ पासून लागू झाली, परंतु रुग्णालयांतील व्याधींच्या नोंदींसाठी १ ऑक्टोबर २०१५ पर्यंत थांबावे लागले. मान्यतेनंतर ती २५ वर्षे होत. तेथे व्याधीचा संकेतांक देयकाशी जोडलेला असल्यामुळे संकेतांक बदलणे म्हणजे संपूर्ण हिशेबपद्धती बदलणे होते. लिपिकांचे प्रशिक्षण, संगणकप्रणाली आणि जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड, या तीन अडचणी प्रत्येक देशाला येतात. व्याधीची व्याख्या बदलली की आकडा वाढतो किंवा घटतो, आणि व्याधीच वाढला असा गैरसमज होऊ शकतो.

आपल्याकडील अडचण याहून प्राथमिक आहे. २०२० मध्ये देशात नोंदविलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू साधारण २२ टक्केच होते. मूळ नोंदच नसेल तर उत्तम वर्गीकरणही निरुपयोगी ठरते.

दुहेरी नोंद : कामलेचे उदाहरण

दुसऱ्या विभागाचा संकेतांक एकटा वापरण्यापेक्षा आधुनिक निदानाच्या संकेतांकाबरोबर वापरावा, असा या व्यवस्थेचा हेतू आहे. मृत्यूच्या कारणासाठी मात्र पारंपरिक वैद्यकाचे संकेतांक मुळीच वापरावयाचे नाहीत.

आता आमचाच रुग्ण घेऊ. नेत्र, त्वचा, नख पिवळे, मूत्र पीत, अरुची, दाह, दौर्बल्य. ही कोष्ठाश्रित कामला. रक्ततपासणीत ‘अ’ विषाणूचा यकृत्शोथ निश्चित झाला तर दहाव्या आवृत्तीत ‘बी १५’ आणि अकराव्या आवृत्तीत ‘१ई ५०.०’ हा संकेतांक येतो. तपासणी झालेली नसेल तर विषाणूचे नाव अंदाजाने लिहू नये. कारण अनिश्चित असलेल्या काविळीसाठी दहाव्या आवृत्तीत ‘आर १७’ हे स्थान आहे, अकराव्या आवृत्तीतही तशी सोय आहे.

दुसऱ्या रुग्णाचा मल तिळाच्या पिठासारखा पांढुरका आहे. ही शाखाश्रित कामला. येथे पित्ताचा मार्ग कफाने रुद्ध आहे. चरकाचार्यांनी प्रथम पित्त कोष्ठात आणण्याचा व मलाला रंग आल्यानंतरच कामलेच्या सामान्य चिकित्सेचा क्रम सांगितला आहे. अशा रुग्णाची सोनोग्राफीही तातडीने करून घ्यावी, कारण मार्गावरोध पित्ताश्मरीचा आहे की अर्बुदाचा, हे कळल्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे. दोघांच्याही केसपेपरवर नुसते ‘कावीळ’ लिहिले तर दोन भिन्न संप्राप्ती एका शब्दात बुडाल्या. उलट नुसते ‘कामला’ लिहिले तर पहिला रुग्ण साथीच्या गणनेत आलाच नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी असल्या तर आरोग्य केंद्राला आकडा मिळतो आणि आयुर्वेदाचा चिकित्साभेदही शिल्लक राहतो. शाखाश्रित कामलेत कोणता क्रम किती यशस्वी ठरला, हे उद्या पाहावयाचे झाल्यास अशाच नोंदींतून ते पाहता येईल.

कोणते अर्थ काढू नयेत

आयुर्वेदातील व्याधिनामे जागतिक वर्गीकरणात आली याचा आम्हांस आनंद आहे. परंतु त्याचा अर्थ मर्यादित आहे. अमुक व्याधी मोजता येईल, एवढेच संकेतांक सांगतो. अमुक औषधाने तो व्याधी बरा होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलेले नाही. औषधविक्रेत्या व निर्मात्या बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. औषधाच्या वेष्टनावर किंवा दुकानातील फलकावर संकेतांक छापून त्याला मान्यतेचे स्वरूप देणे ग्राहकाची दिशाभूल ठरेल. आणि औषधे व जादूटोणा उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा संकेतांकामुळे शिथिल होत नाही.

औषधविक्रेत्यांना या व्यवस्थेचा खरा उपयोग अन्यत्र आहे. औषधाचा अनिष्ट परिणाम कळविताना तो कोणत्या व्याधीत, कोणत्या औषधाने झाला हे नेमके लिहिता आले तरच त्या माहितीला किंमत येते. आरोग्यविम्याच्या दाव्याच्या प्रमाणित नमुन्यातही रुग्णालयाने भरावयाच्या भागात दहाव्या आवृत्तीच्या संकेतांकाचा रकाना आहे. तो रिकामा ठेवून नंतर दावा नाकारल्याची तक्रार करणे व्यर्थ आहे. वमन, विरेचन, बस्ती आदी कर्मांसाठी मात्र हे वर्गीकरण नाही. उपचारकर्मांच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचा विभाग तयार करण्याचा करार मे २०२५ मध्ये झाला आहे.

आरंभ कोठून करावा

सर्व व्याधींचे संकेतांक पाठ करण्याची आवश्यकता नाही. आपल्या चिकित्सालयात वारंवार येणारे पाच व्याधी निवडावेत. प्रत्येकाचे एकच ग्रंथोक्त नाव, भेदासह, निश्चित करावे व सहायकांनाही तेच लिहिण्यास सांगावे. शेजारी आधुनिक निदान लिहावे. निदान निश्चित नसेल तर ‘अनिश्चित’ असे प्रांजळपणे लिहावे. संकेतांक पोर्टलवर पाहून एका कागदावर उतरवून तो टेबलाच्या काचेखाली ठेवावा. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस बेरीज करावी.

आम्ही कामला, तमकश्वास, आमवात, अम्लपित्त व प्रमेह यांपासून आरंभ केला. पहिले काही महिने सहायकांशी वाद झाले, कारण आमचीच सवय जुनी होती. यंदाच्या पावसाळ्यात आरोग्य केंद्राचे कर्मचारी पुन्हा आले तेव्हा कामलेच्या रुग्णांची तारीखवार आणि वस्तीनिहाय यादी आम्ही त्यांच्या हाती दिली. ती पाहून त्यांनी प्रथम कोणत्या वस्तीतील पाण्याचे नमुने घ्यावयाचे ते ठरविले.