अस्वल : रामायणातले आणि रानातले

मंडळी, आपल्या वाडीचे नाव रामवाडी. रामाचे नाव घेतले की जांबुवंत आठवतो. जांबुवंत म्हणजे अस्वलांचा राजा. समुद्र कसा ओलांडावा, या काळजीत वानरसेना बसली होती. तेव्हा मारुतीला त्याच्या बळाची आठवण करून दिली ती जांबुवंताने. गणेश चतुर्थीला आपण चंद्र बघत नाही. त्यामागची स्यमंतक मण्याची गोष्ट आपण ऐकतो. तीतही जांबुवंत आहे. त्याची मुलगी जांबवती कृष्णाची राणी झाली. आपल्या वाडवडिलांनी अस्वलाला शहाणा मानले, सोयराही मानले.

पण आपण त्याचे काय केले? पूर्वी दरवेशी अस्वल घेऊन गावोगाव फिरत. अस्वल नाचे आणि पोरे टाळ्या पिटत. आम्हीही पिटल्या आहेत. पण ते नाचे कशाने? त्याच्या आईला मारून पिल्लू धरून आणत. तापल्या सळईने त्याचे नाक टोचत आणि त्यातून दोरी ओवत. सुळे पाडत. दोरीला हिसका बसला की कळ येई, म्हणून ते पाय उचली. त्यालाच आपण नाच म्हणत होतो.

१९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९९८ साली सरकारने अस्वलांच्या खेळावर बंदी घातली. सोडवलेल्या अस्वलांसाठी आग्र्याजवळ निवारा उभा राहिला. दरवेशीही पोटासाठीच हे करत होते. म्हणून त्यांना दुसरा कामधंदा मिळावा, असेही प्रयत्न झाले.

आता रानातले अस्वल पाहू. आपल्या सह्याद्रीत ते कोयना, चांदोली, राधानगरी या बाजूला आहे. विदर्भात ते जास्त. बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य तर अस्वलांसाठीच नावाजलेले.

त्याचे मुख्य खाणे कोणते? वाळवी, मुंग्या, मध आणि फळे. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. लांब नखांनी ते वारूळ फोडते, दातांच्या फटीला ओठ लावते आणि वाळवी सुर्रकन ओढून घेते. तो आवाज लांबवर ऐकू जातो. बोरे, जांभळे, बहाव्याच्या शेंगा खाऊन ते बिया दूर नेऊन टाकते. म्हणजे रानाची पेरणीच करते म्हणा ना! आई पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते.

मग ते माणसावर का धावते? खाण्यासाठी नव्हे. त्याचे नाक तिखट, पण नजर मंद. खाण्यात गुंग असले की माणूस आलेला त्याला कळत नाही. एकदम समोर दिसला की ते घाबरते आणि अंगावर येते. उन्हाळ्यात मोहाची फुले पडतात. ती अस्वलालाही आवडतात, माणूसही वेचतो. दोघांची गाठ पडते ती तिथे, पहाटेच्या अंधारात.

म्हणून अस्वलाच्या रानात जायचे तर हे ध्यानात ठेवा. एकटे जाऊ नका. उजाडल्यावर जा. मोठ्याने बोलत चला. गुहेत डोकावू नका. पिल्लू दिसले तर आई जवळच आहे, असे समजा. अस्वल लांब दिसले तर पळू नका. हळूहळू मागे सरा. शाळेच्या पुस्तकातला मित्र झाडावर चढून वाचला होता. त्याच्या भरवशावर राहू नका. आपले अस्वल मधासाठी झाडावर चढते. ते अंगावर आलेच, तर पालथे पडा आणि दोन्ही हातांनी मान व डोके झाका.

शेवटी एक सांगणे. अस्वलाचा केस ताईतात घातला की पोराला दृष्ट लागत नाही, असे काही लोक मानतात. तसे काही नसते. असे केस आणि नखे विकणे वा घेणे गुन्हा आहे. शिवाय त्या केसापायी एका मुक्या जिवाचा प्राण जातो. पोराला ताप आला तर ताईत शोधू नका. दवाखान्यात न्या.