उतरंड की रांग?

बैठकीत पासबुकं गोळा होतात आणि ती सदस्य क्रमांकानं लावून नोंद करावी लागते. हे काम सोपं कसं होईल, ते आज पाहू.

वस्तू ठेवायच्या आपल्या दोन रीती. एक उतरंडीची: शेवटी ठेवलेलं मडकं वर, तेच आधी काढायचं. दुसरी रेशनच्या रांगेची: आधी आली तिचा नंबर आधी. संगणकवाले यांनाच स्टॅक आणि क्यू म्हणतात.

समजा, पासबुकं एकेक करून हाती येतात. ती ३, २, १ अशी आली, तर एक ढीग पुरतो. वरून १, मग २, मग ३ उचला. पण २, ३, १ अशी आली की अडतं. १ निघालं की वर ३ आणि तळाशी २! तीन पासबुकं सहा प्रकारे येऊ शकतात, त्यांतला हा एकच प्रकार एका ढिगाला जमत नाही. चार पासबुकांच्या २४ प्रकारांपैकी मात्र १४च जमतात. डोनाल्ड कनूथ यांनी १९६८च्या पुस्तकात हे रेल्वेच्या डब्यांच्या उदाहरणानं समजावलं आहे.

आता सतरंजीवर रांगा मांडू. नवं पासबुक अशा रांगेच्या शेवटी ठेवा, जिथला शेवटचा क्रमांक त्याहून लहान आहे. अशा अनेक रांगा असतील, तर त्यांतला मोठा शेवट निवडा. एकही नसेल, तर नवी रांग. सगळी मांडून झाली की रांगांच्या तोंडाशी जे सर्वांत लहान, ते उचलत जा. २, ३, १ला दोन रांगा पुरतात, ३, २, १ला तीन लागतात. मोठ्यामागून लहान अशी उतरती साखळी जेवढी लांब, तेवढ्या रांगा.

अशा ढीग-रांगांच्या जाळ्यांवर रॉबर्ट टार्जन यांनी १९७२ साली लिहिलं. किती रांगा लागतील, हे चटकन सांगता येतं. पण शेजारी शेजारी मांडलेल्या चार ढिगांत काम भागेल का, हे दर वेळी झटपट सांगणारी रीत अजून कुणालाच सापडलेली नाही.

मैत्रिणींनो, पासबुकांना ढीग चालेल, कर्जाच्या अर्जांना नाही. ढिगात पहिला अर्ज तळाशी दबतो आणि आधी आलेली बाई शेवटी राहते. पेरणीच्या दिवसांत तो उशीर तिला परवडत नाही. म्हणून अर्जांवर तारीख घाला, नवा अर्ज खाली सरकवा आणि वरचा आधी घ्या. ढिगाची रांग होईल.