अर्ध्या खेळपट्टीचा गुंठा

डोंगरउतारावरच्या कुंभिवलीत जमीन बघायला गेलात, तर भाव सांगतात गुंठ्याचा. सातबारा मागवून पाहावा, तर त्यावर गुंठ्याचा पत्ताच नाही! तिथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर. सगळी गंमत, आणि सगळा धोकाही, इथेच आहे.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. 1,089 चौरस फूट. पण हा 33 चा आकडा कुठला? 30 का नाही, 35 का नाही? त्यासाठी थेट 1620 च्या इंग्लंडात जावे लागते. एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने जमीन मोजायला 100 कड्यांची, 66 फुटांची साखळी आणली. दहा साखळ्या लांब आणि एक साखळी रुंद पट्टा भरला की एकर. त्या साखळीच्या निम्म्या लांबीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, म्हणून एकरात तो बरोबर 40 वेळा बसतो. आणि 66 फूट म्हणजे किती? 22 यार्ड, क्रिकेटची खेळपट्टी! एका स्टंपाकडून निघून निम्म्या वाटेवर थांबा, काटकोनात वळून तेवढेच चाला. गुंठ्याच्या दोन बाजू झाल्या.

आपल्याकडे गुंठा येण्याआधी, शिवकाळात, मापाचा आधार माणसाचे अंग होते. पाच हात पाच मुठींची काठी. 20 काठ्या लांब, 20 काठ्या रुंद म्हणजे बिघा. असे 120 बिघे म्हणजे एक चावर. एकर-गुंठे आले ते इंग्रजांच्या मोजणीबरोबर.

आता धोका. आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा भरतो 101.17. फरक किरकोळ वाटतो, म्हणून बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. पण सातबाऱ्यावर 0.40.00 असेल, तर तो पुरा एकर नव्हे. एकराला 0.40.47 लागतात. मधले 47 चौरस मीटर म्हणजे सुमारे 500 चौरस फूट, अख्खा वन बीएचके! डोंगरउताराच्या या भागात पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा, आकडाही वेगळा वाचावा. नकाशावर ती जमीन दिसते, नांगराखाली येत नाही.

तेव्हा ‘40 गुंठे’ ऐकलेत, की विसार देण्याआधी सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचे शेवटचे दोन आकडे बघा, आणि सरकारी मोजणीची ‘क’ प्रत मागा.